पान एकतीस

पहाटे साडेपाचला गठ्ठे येतात.
मी सुतळी कापतो. सुतळी कसली,
पांढरी प्लॅस्टिकची पट्टी असते ती,
तरी तोंडात सुतळीच येते.
हडर्सफील्डच्या या इस्पितळात, शिरताच डावीकडे
माझं दुकान : मिंट, टूथब्रश,
‘लवकर बरे व्हा’ छापलेली कार्डं,
आणि पेपर.

अठरा वर्षांत एवढं कळलं
की इस्पितळ पेपरात येतं ते चमत्कार झाला की,
नाहीतर घात.
मधले दिवस कोणी छापत नाही.
बुधवारी म्हाताऱ्या ओल्डरॉइडनी
नळी काढल्यावर पहिल्यांदा चहा मागितला,
दोन चमचे साखर घालून.
ही काय बातमी आहे?

रुतेंडो रात्रपाळी संपवून यायची.
हरारेची. वॉर्ड नऊ.
पेपर घ्यायची तो शब्दकोड्यासाठी,
पहिलं पान मागे दुमडून,
ताटातली नावडती भाजी कडेला सारावी तसं.
“नदी, पाच अक्षरी?” मलाच विचारायची.
मी पंचगंगेकाठचा. मला इथल्या नद्या काय ठाऊक!

त्या शुक्रवारी पट्टी कापली
आणि समोर तीच. साठ प्रती, साठ वेळा.
फोटो भावाच्या लग्नातला :
तोंडभर हसू,
खांद्यावर कुणाचा तरी मनगटाशी कापलेला हात.
वर ठसठशीत दोन शब्द.
ते मी इथे लिहीत नाही, पुरेसे छापून झालेत.
त्यांच्या शेजारी ते हसू
भलतंच दिसत होतं.

एक माणूस गेला होता, हेही खरं.
त्याची मुलगी सकाळीच आली,
सुटे मोजून दिले, पेपर नेला.
तिला मी काय सांगणार होतो?

मी गठ्ठा पालथा ठेवला.
मागचा फुटबॉल वर आला.
दुकानदाराला एवढंच जमतं.
पोर्टर डंकनला म्हटलं,
आमच्याकडे याला पराचा कावळा म्हणतात.
अर्थही सांगितला.
तो म्हणाला, मग ते पीस कुणाचं होतं?
मी मिंटच्या पुड्या उगीच सरळ करत बसलो.

सव्वाआठला ती आली.
“कोडं आहे ना आज?”
गठ्ठा तिनेच सुलटा केला.
बराच वेळ पाहिलं.
मग एवढंच म्हणाली,
“हा हात आईचा आहे.”
पैसे मी घेतले नाहीत. तिने काउंटरवर ठेवले.

चौकशी चौदा महिने चालली.
औषध सोडणारा पंपच चुकीचं मोजत होता.
वॉर्डातून आधी तीनदा लेखी तक्रार गेलेली,
त्यातली एक तिच्या अक्षरात.
हे आलं पान एकतीसवर,
बागेतल्या शेडच्या जाहिरातीखाली,
चार ओळी,
आणि नावात एक अक्षर कमी.

लहानपणी इचलकरंजीत रद्दी घालायला जायचो.
कासमभाईच्या तराजूत
पहिलं पान आणि एकतिसावं
एकाच भावाने जायचं.
ओलं असेल तर तो दोन्हीचं वजन कापायचा.
इथे तराजू नाही. निळा डबा आहे.

त्या चार ओळी मी कापल्या,
गल्ल्याच्या आत चिकटवल्या,
गाळलेलं अक्षर बॉलपेनने घातलं.
ती आता इथे नाही.
कुणी म्हणतं लीड्सला, वृद्धाश्रमात काम करते,
कुणी म्हणतं परत गेली.
डंकन काहीच म्हणत नाही.

काल एक नवी नर्स आली,
गणवेशाची घडीसुद्धा न मोडलेली.
पेपर नको म्हणाली, फक्त मिंट.
सुटे द्यायला गल्ला उघडला
तर तिची नजर आत गेली.
“काय आहे ते?”
“नाव आहे एक,” मी म्हटलं.
मागे रांग होती.